सह्या केलेली बारा कोरी लेटरहेड्स

गेल्या रविवारी देवनारला गेले होते. खरं सांगायचं तर भांडायच्या तयारीनेच...

नाहूरला आमचा छोटा ट्रस्ट आहे, मी त्याची सेक्रेटरी. देवनारची वैशाली वस्तीतल्या मुलींसाठी अभ्यासिका चालवते. तिची संस्था रजिस्टर नाही, म्हणून देणग्या आमच्या नावावर येतात आणि तिच्या कामावर खर्च होतात.

म्हणजे नाव आमचं, जबाबदारीही आमचीच... हे मला आत्ता कळतंय.

घर, सासूबाईंचं आजारपण, ट्रस्टच्या मीटिंगा... दर पत्रासाठी वैशालीला थांबवायचा कंटाळा आला होता. म्हणून दोन वर्षांपूर्वी तिला बारा कोऱ्या लेटरहेड्सवर सह्या करून दिल्या. बँकेत तीस वर्षं काढलेली बाई मी! तरीही.

त्याच्या आदल्या आठवड्यात नव्या सीएने ट्रस्टच्या पत्रांच्या कॉपी मागितल्या, तेव्हा मला हे सांगावंच लागलं. कमिटी भडकली. त्या कागदांवर काही भलतंसलतं लिहिलेलं निघालं, तर अभ्यासिकेशी संबंध संपला म्हणाले. ते कागद परत घ्यायलाच रिक्षात बसले.

वैशालीने कपाटातून पाकीट काढून दिलं. बारा कागद... बाराही कोरे.

मुली चटईवर बसून, मांडीवर पाट घेऊन लिहीत होत्या. मी विचारलं, "गेल्या वर्षी एक कंपनी मुलींसाठी बेंच देणार होती ना गं?"

"त्यांना तुमचं पत्र पाहिजे होतं, मॅडम. ट्रस्टने इथलं काम स्वतः येऊन बघितलंय, असं. तुम्ही तर कधी आलाच नव्हता ना... खोटं कसं लिहू?"

"अगं, मग फोन करायचास ना!"

"केला होता. तुम्ही म्हणालात, सही आहे ना, टाक लिहून."

आठवलं मला. फोन ठेवायची घाई होती तेव्हा.

खूप लाज वाटली. तिथेच चटईवर बसले, गुडघे कुरकुरले. दोन तास सगळं पाहिलं, मुलींशी बोलले, आणि निघण्याआधी ते बारा कागद फाडले.

आता महिन्यातून एकदा जायचं. पाहिल्याशिवाय सही नाही, आणि कोणी काय करायचं ते दोघींमध्ये लेखी. दमलेय मी, पण जाणार.

बेंच मात्र कंपनीने दुसरीकडे दिले. आमचं नाव खोटं पडू नये म्हणून या मुली वर्षभर जमिनीवर बसल्या... वैशाली, तुझे आभार मानायलाही मला जरा वेळ लागणार आहे.