पेपर अजून रेफरीकडे आहे

गणितवाल्यांचे किस्से सहसा कुणी सांगत नाही. लोकांना वाटतं, या माणसांच्या आयुष्यात घडतं तरी काय? खरंच आहे, काही घडत नाही. पण एरवी काहीच घडत नसलं, की जे थोडंफार घडतं ते माणूस जन्मभर विसरत नाही. मी आणि सतीश शिंदे आजही भेटलो की तिसऱ्या वाक्याला दातार सर येतात आणि समोरचा चहा गार होतो. जे किस्से दर वेळी निघतातच, तेवढे इथे लिहून टाकतो.

काळ नव्वदीतला. पुण्यात जिकडेतिकडे सॉफ्टवेअर कंपन्यांच्या पाट्या लागत होत्या, आणि आम्ही तिघं, म्हणजे मी, शिंदे आणि शैला कुलकर्णी, दातार सरांच्या हाताखाली गणितात संशोधन करत होतो. एक खोली, त्यात एक कॉम्प्युटर, त्याच्यावर प्लॅस्टिकचं कव्हर. चपला बाहेर काढूनच आत जायचं. देवघरात जातात तसं!

*

आमचा विषय डायनॅमिकल सिस्टिम्स. माझे वडील धायरीचे शेतकरी. त्यांनी एकदा मला विचारलं, "नक्की करतोस काय तिथं?" मला धड सांगता येईना. म्हणून सरांनाच विचारलं, वडिलांना काय सांगू?

सर म्हणाले, "सांगा, आज काय आहे ते माहीत असेल आणि रोज कोणत्या नियमाने बदलतं ते माहीत असेल, तर पुढे काय होणार हे आम्ही शोधतो."

मी घरी जाऊन शब्दन् शब्द सांगितला. वडील म्हणाले, "म्हंजे जोतिषच हाय की हे!"

दुसऱ्या दिवशी मी तेही सरांना सांगितलं. सर जराही चिडले नाहीत. "फरक आहे," ते म्हणाले. "ज्योतिषाला पैसे मिळतात."

सुरुवातीला जे असतं त्याला आम्ही एक्स-झीरो म्हणायचो. त्याच्यावरून निघतो तो एक्स-वन, त्याच्यावरून एक्स-टू. सरांचा सगळा जीव त्या झीरोत. "सगळं त्याच्यावर ठरतं हो," असं इतक्या मायेने म्हणायचे, की आम्हाला त्या शून्याचा हेवा वाटायचा. एकदा मी उशिरा पोचलो. बस, पूल, गर्दी अशी कारणं सांगायला लागलो. सरांनी हात वर केला. "एक्स-झीरो?"

"धायरी, सर."

"मग लवकर आलात. बसा."

*

पेपर छापून आणणं हे तेव्हा मोठं प्रकरण होतं. परदेशातल्या जर्नलकडे टपालाने प्रती पाठवायच्या. संपादक त्या तपासायला दुसऱ्या कुणा गणितज्ञाकडे देणार. तो रेफरी. त्याचं नाव आपल्याला कळत नाही, आणि त्याला घाई नसते.

एका पेपराचं वर्ष उलटून गेलं तरी उत्तर नाही. शेवटी संपादकाचं पत्र आलं, की कळवण्यास खेद होतो, रेफरींचं निधन झालं आहे, आम्ही दुसरे शोधत आहोत. सरांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "पेपर वाचून गेले की न वाचता, एवढं तरी विचारून घ्या."

दुसऱ्या रेफरीने गणिताला नावं ठेवली नाहीत, पण शेवटी एक ओळ लिहिली, की इंग्रजी एखाद्या नेटिव्हकडून तपासून घ्यावं. सरांनी ती ओळ मोठ्याने वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "दीडशे वर्षं आम्हीच तर नेटिव्ह होतो यांचे! आता आणखी कुठला आणू?"

*

आता शिंदेचा 'आय'.

सरांचा आणि शिंदेचा एक पेपर जवळजवळ झाल्यात जमा होता. रेफरीने किरकोळ दुरुस्त्या सांगितल्या होत्या, त्या करून परत पाठवायचं एवढंच बाकी होतं. त्याच सुमारास शिंदेच्या मामांनी त्याला कुणा अंकशास्त्रवाल्याकडे नेलं. त्याने हिशेब करून सांगितलं, की सतीशच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये आणखी एक 'आय' घाला, भाग्य उघडेल. शिंदेने घातला, आणि दुरुस्त केलेल्या पेपरवरही तसाच टाइप केला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

संपादकाच्या आलं! त्याचं अत्यंत सभ्य पत्र आलं. मूळ लेखक सतीश शिंदे यांचं नाव काढून त्या जागी दुसऱ्या एका शिंदेंचं नाव घातलेलं दिसतं. ज्यांचं नाव काढलं, त्यांची लेखी संमती पाठवावी.

सरांनी ते पत्र शिंदेच्या हातात दिलं. "शिंदे, ते पहिले शिंदे भेटतात का हो तुम्हाला अधूनमधून? सही हवी होती त्यांची."

शिंदेने दोन्ही शिंद्यांच्या वतीने सह्या केल्या. पण लेखक बदलले म्हणून पेपर नवा धरला गेला आणि पुन्हा रांगेच्या शेवटी गेला. त्याची पाळी येईपर्यंत तेच काम दुसऱ्या कुणीतरी छापून टाकलं. हसण्यासारखं आहे, पण सर त्या दिवशी डबा न उघडता घरी गेले. त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात सुंदर काम होतं असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं. दुसऱ्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी लिहिलं, 'पेपर रेफरीकडे असताना नाव बदलू नये.' ते वाक्य पुसायची शिपायाचीही हिंमत नव्हती.

*

भाग्य मात्र उघडलं. शिंदे एका सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखतीला गेला. साहेबांनी विचारलं, "संशोधन कशावर?"

"केऑसवर, सर. गोंधळाचं गणित."

"अरे वा! मग सोमवारपासून या. इथे तुम्हाला घरच्यासारखं वाटेल."

आमच्या विषयात ट्रान्झियंट नावाची भानगड असते. सुरुवातीचे आकडे वाटेल तशा उड्या मारतात. ते सोडून द्यायचे आणि शेवटी काय टिकतं तेवढं बघायचं. कुणी नोकरी लागल्याचे पेढे आणले की सर एक पेढा उचलायचे आणि शांतपणे म्हणायचे, "ट्रान्झियंट." शिंदेलाही म्हणाले.

मग एक दिवस मीही पेढे घेऊन गेलो. घरचं काय, बहिणीचं लग्न काय, सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. सरांनी मला बोलूच दिलं नाही. पेढा उचलला, जरा वेळ हातात धरला आणि म्हणाले, "डबा शैलाबाईंकडे द्या." तो शब्द काही उच्चारला नाही. उच्चारला असता तर मला बरं वाटलं असतं.

*

उरली शैला. ती टिकली. तिचा आणि सरांचा पेपर रेफरीकडे होता. एका कॉलेजात लेक्चररची जागा निघणार होती, तिथे नावावर एक तरी पेपर हवा होता. तो आला तर ती गणितात राहणार, नाही तर घरचे तिला सांगणार होते की आता कॉम्प्युटरचा कोर्स कर. सर निवृत्तीला आले होते. तिच्यानंतर आमच्या खोलीत कुणी नव्हतं.

अशात तिचं लग्न ठरलं. मुलगा मिलिंद कुलकर्णी, राहणार नारायण पेठ, कामाला सॉफ्टवेअर कंपनीत. कुलकर्ण्यांची मुलगी कुलकर्ण्यांकडेच चालली होती! सर खूश झाले. म्हणाले, "उत्तम. आडनाव इनव्हेरियंट आहे, बदलत नाही."

मला मात्र शैलाने बाजूला घेऊन सांगितलं, "सरांना सांगू नकोस. माझ्या सासूबाईंचं नावही शैलाच आहे. शैला कुलकर्णी. एका घरात दोन कशा राहणार? ऋजुता ठेवणार आहेत माझं." आणि मग हळूच म्हणाली, "पेपरावर जिचं नाव आहे, ती बाई लग्नानंतर असणारच नाही रे."

*

सर कुणाच्या लग्नाला जात नसत. "माझ्यावाचून ते अडत नाही," म्हणायचे. या लग्नाला आले, जेवले आणि पान खाऊन निघणारच होते, तेवढ्यात कार्यालयातच लक्ष्मीपूजन सुरू झालं.

"हे काय चाललंय?" त्यांनी मला विचारलं.

"तबकात तांदूळ पसरून नवरा अंगठीने बायकोचं नवीन नाव लिहितो, सर."

"कुणाचं नवीन नाव?"

मी उत्तर द्यायच्या आत सर उठून उभे राहिले आणि भर कार्यालयात वर्गातल्या आवाजात ओरडले, "थांबा! पेपर अजून रेफरीकडे आहे!"

सनई थांबली. गुरुजींना वाटलं, विधीत काहीतरी राहिलं. सासूबाई पदर सावरत पुढे आल्या. "आपण कोण?"

"सहलेखक."

मी थोडक्यात सगळं समजावून सांगितलं, शिंदेच्या 'आय'सकट. सासूबाईंनी ऐकून घेतलं. "अहो, पण एका घरात दोन शैला कुलकर्णी कशा चालतील? पोस्टमनने पत्र कुणाला द्यायचं?"

"सबस्क्रिप्ट लावा," सर म्हणाले.

"काय लावा?"

"नावाच्या पायाशी छोटा आकडा. ही शैला-वन."

"म्हणजे मी टू?" सासूबाईंचा आवाज चढला.

"छे, छे! आपण शैला-झीरो. सगळं झीरोवरून ठरतं."

मिलिंद तबकावर वाकलेलाच होता. तो हसत म्हणाला, "आई, आमच्या कंपनीतही मोजायला झीरोपासूनच सुरुवात करतात."

सासूबाई सुनेकडे वळल्या. "तुला गं काय हवंय?" हा प्रश्न तोपर्यंत तिला कुणीच विचारला नव्हता.

"मला शैलाच राहायचंय, आई," शैला म्हणाली. आवाज बारीक होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

सासूबाईंनी पुन्हा सरांकडे बघितलं. "झीरो आधी येतो ना? नक्की?"

"नेहमी."

"मग लिही रे."

तांदळात 'ऋ' काढून झाला होता. मिलिंदने तो तळव्याने सारखा केला, 'शैला' लिहिलं, आणि खाली अगदी छोटा एकचा आकडा काढला. शैला मान खाली घालून हसत होती आणि तिचे डोळे गळत होते. निघताना मी सरांना विचारलं, "पत्ता तर बदलेल ना, सर? संपादकांना कळवावं लागेल."

"कळवा की," सर म्हणाले. "पत्ता व्हेरिएबल आहे."

*

मला शनिवारी सुट्टी असायची, तेव्हा मी जुन्या खोलीत जाऊन बसायचो. शैला त्या कॉलेजात तासांवर शिकवत होती. पक्क्या जागेची मुलाखत तोंडावर आली होती आणि पेपराचा पत्ता नव्हता. सर कपाट आवरत होते, निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते.

फोन वाजला. मी उचलला.

"दातार सर आहेत का? त्यांना सांगा, शैला-झीरो बोलतेय."

मी रिसीव्हर सरांकडे दिला. पलीकडचा आवाज एवढा खणखणीत होता, की मला तिथूनही सगळं ऐकू येत होतं.

"सर, वन कॉलेजात गेलीय. इथे परदेशातून पाकीट आलंय, शैला कुलकर्णींच्या नावाने. मी फोडलं. नाव माझंच आहे, मग फोडायला काय हरकत आहे?"

"काही नाही," सर म्हणाले. त्यांनी टेबलाची कड धरली होती. "काय लिहिलंय?"

"थांबा, चष्मा लावते."

बराच वेळ नुसता कागदाचा आवाज येत राहिला. मग त्या म्हणाल्या, "सर, घेतला बरं का त्यांनी आपला पेपर!"