चौथ्या रांगेतले लाल ठिपके

नात शाळेसाठी आलेख काढताना लाल पेन्सिलीला टोक करत होती. त्या ताज्या लाकडाच्या वासाने मी बमरोलीच्या कापड मिलच्या ऑफिसात जाऊन पोचले. सत्तरच्या दशकात मी तिथे टायपिस्ट होते. वडील खानदेशातून आलेले, त्याच मिलचे कामगार.

तेव्हा मागात बोटं सापडायचे अपघात वाढले होते. मालकांच्या बैठकीसाठी गुजराती मॅनेजरसाहेबांनी चौदा पानं लिहिली. टाइप करताना जाणवलं, यातून कुणालाच काही कळणार नाही. मग मी आलेख कागदावर मागांच्या सहा रांगा आखल्या आणि प्रत्येक अपघाताच्या जागी लाल ठिपका दिला. जवळजवळ सगळे ठिपके अंधाऱ्या चौथ्या रांगेत पडले.

"बेन, आ पानुं काढी नाखो," साहेब माझा आलेख बाजूला सारत म्हणाले. "रिपोर्टमध्ये चित्रं नकोत."

"मग शेवटची दोन पानं तुम्हीच टाइप करा, साहेब."

मी मशीनवर झाकण घातलं आणि हाताची घडी घालून बसले. डोक्यावर पंखा कुरकुरत होता, बैठकीला अर्धा तास उरला होता. शेवटी साहेबांनी तो कागद सगळ्यात वर लावला.

मालकांनी चौदा पानं उलटलीच नाहीत. "इथे दिवे का नाहीत?" एवढंच विचारलं. आठवड्यात दिवे लागले. माझी मात्र गोदामात बदली झाली.

"एवढा उद्धटपणा कशाला केलास?" वडील म्हणाले होते. तेव्हा मी मान खाली घातली. आज वाटतं, कमीच केला. प्रत्येक ठिपक्याशेजारी त्या माणसाचं नाव लिहायला हवं होतं.