कोरियाशी फायनल आणि ऋषीची भाजी

नांदुऱ्याला स्टेशनच्या रस्त्यावर आमचं सायकलचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे आम्ही राहायचो, मधे तरटाचा पडदा. दुकानाच्या दाराला दोन कुलपं होती. एक आमच्या ह्यांचं, दुसरं ह्यांच्या भागीदाराचं. दोघं लहानपणापासूनचे दोस्त. सकाळी दोघंही आल्याशिवाय ते दार उघडायचं नाही. आम्ही घरची माणसं मागच्या बोळातून ये-जा करायचो.

भागीदार मुसलमान. मी त्यांना भाऊजी म्हणायची, पण मनातल्या मनात. लग्नाला दोन वर्षं झाली तरी मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. चहा झाला की कपावर चमचा वाजवायचा आणि पडद्याखालून ताट सरकवायचं. "भाभीची तार आली," असं ते म्हणायचे आणि सगळे हसायचे. मी आत लाजून चूर व्हायची.

भाऊजी गावच्या फुटबॉल टीमचे गोली होते. टीमचा चेंडू आमच्याच दुकानात खुंटीला टांगलेला असायचा. त्याच्या ब्लॅडरला ठिगळं लावायचं काम त्यांचंच.

महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली होती. चीनची लढाई अजून व्हायची होती. त्या पावसाळ्यात दूर कुठल्या देशात खेळांचा मोठा मेळा भरला आणि आपली फुटबॉलची टीम फायनलला गेली. गाठ कोरियाशी. आमच्या दुकानात रेडिओ होता, त्यामुळे सगळी पंचायत आमच्या दारात. जिनात कापूस तोलणारे एक काटेवाले होते, ते तर दिवसभर बसलेले असायचे. हंगाम सुरू व्हायचा होता, त्यांना काम नव्हतं.

"कोरिया कोठी आहे बे?" काटेवाल्यांनी विचारलं.

"चीनच्या पलीकडे," हे म्हणाले.

"मंग बुटके असतीन. आपले पोट्टे त्यायच्या डोक्यावरून गोल मारतीन."

"बुटक्याले जमीन जवळ पडते, काटेवाले," भाऊजी म्हणाले. "अन् फुटबॉल जमिनीवर चालते. पहिल्या मॅचले त्यायचेच दोन गोल खाल्ले आपण. इसरले काय? त्यात खेळ भरले तिथलं पब्लिक, आपल्या लोकायनं काई वाद केला म्हणून, आपल्यावर चिडेल आहे. आपलं राष्ट्रगीत लागलं तरी हुर्यो उडवते म्हणतात."

"तू कोणाकडून बोलून राह्यला बे?"

तेव्हा ते हसण्यावारी गेलं.

फुटबॉलच्या आदल्या दिवशी हॉकीची फायनल होती, पाकिस्तानशी. त्या दिवशी गणपती बसले होते. संध्याकाळच्या बातम्यांना दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. आपण हरल्याचं रेडिओनं सांगितलं. भाऊजी एका ट्यूबला ठिगळ लावत बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, "एकटा गोली किती अडवन?"

ते आपल्याच गोलीबद्दल बोलले होते. गोलीला गोलीचं दुःख. पण काटेवाले म्हणाले, "तुले काय त्याचं? तुले तं बरंच वाटलं असन. आज तुमच्या मोहल्ल्यात साखर वाटतीन."

ठिगळ चिकटेपर्यंत अंगठा दाबून धरावा लागतो. भाऊजींनी तो तसाच दाबून धरला. सगळे त्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी ट्यूब खाली ठेवली आणि आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. हे रेडिओकडे बघत होते. भाऊजींनी कमरेला बांधलेली कुलपाची किल्ली सोडली, रेडिओखालच्या खिळ्याला अडकवली आणि पायऱ्या उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. आम्ही बायका त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खात नाही. हातानं खणलेल्या, हातानं पेरलेल्या जागेतलंच खायचं. ती भाजी बाजारात मिळत नाही, कारण शेतमळ्यात बैल असतोच. आमची भाजी दरवर्षी भाऊजींच्या आईकडून यायची. त्यांच्या परसात अम्मा खुरप्यानं वाफे करायच्या आणि त्यातला कोपरा ठेवायच्या 'ऋषीचा' म्हणून. आळूची पानं, अंबाडी, दोडका, लाल भोपळा. भाऊजी सकाळीच टोपली आणून द्यायचे.

त्या सकाळी टोपली आली नाही.

सासूबाई न्हाऊन बसल्या होत्या. "बजारातून आणता येते," त्या म्हणाल्या, "पण ते बैलाचं. बैलाचं खाऊन पंचमी केली तं पंचमी कशाची?" बोलत होत्या माझ्याशी, बघत होत्या लेकाकडे. हे भिंतीला टेकून बसलेले. दुकान बंद. दोन्ही किल्ल्या घरात, तरी ह्यांचा हात दाराला लागेना. मला भाजीची काळजी नव्हती. ती किल्ली खिळ्यालाच राहिली तर हे आतून संपतील, एवढं मला दिसत होतं. ह्यांचा दुसरा दोस्त नव्हताच कुणी.

मी पदर डोक्यावर घेतला आणि रिकामी टोपली उचलली. मशिदीमागच्या त्या बोळात मी एकटी कधी गेले नव्हते.

अम्मा अंगणातच होत्या. भाजी तोडून, धुऊन, सुपात मांडून ठेवलेली होती. "आ बेटी," त्या म्हणाल्या. "फजरच्या नमाजापासून घेऊन बसली मी. याले म्हणलं देऊन ये, तं म्हणे त्या घरात पाय ठेवत नाही. मी म्हणलं, तुह्या भांडणात माह्या ऋषीले काऊन उपाशी ठेवतं?"

भाऊजी बाजेवर बसले होते. त्यांनी जमिनीकडे बघत विचारलं, "त्यानं पाठवलं?"

हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण पंचमीच्या दिवशी, त्या माउलीसमोर, खोटं तोंडातून निघेना.

"नाही," मी म्हटलं. "मीच आली."

"तो काई म्हणला?"

"काईच नाही. कालपासून बोललेच नाहीत. जेवले बी नाहीत."

अम्मांनी टोपली भरून दिली. मी घरी आले, भाजी शिजवली, सासूबाईंना वाढलं. ह्यांना कुठून आणली ते सांगितलं आणि भाऊजींनी काय विचारलं तेही सांगितलं. ह्यांनी ताट पुढे ओढलं आणि परत सरकवलं.

संध्याकाळी ह्यांनी दोन्ही कुलपं काढली. माणसं भराभर आत शिरली. काटेवाले पुढेच.

"लावा रेडिओ. आज कोरियाचे बारा वाजवतो का नाही पाहा," ते म्हणाले.

ह्यांनी रेडिओ लावला. घरघर झाली, गाणं संपत आलं. आता बातम्या लागणार, तेवढ्यात ह्यांनी खटका बंद केला.

"काय झालं बे?"

"गोली आला नाही आपला," हे म्हणाले.

"अबे, फायनल आहे! तो येवो नाही तं न येवो!"

"तो नाही तं रेडिओ नाही." ह्यांनी खटक्यावरचा हात काढला नाही. "काल मले बोलाचं होतं, नाही बोललो. आज बोलून राह्यलो. ज्याले ऐकाचं त्यानं स्टेशनावर जा."

शिव्या देत, चपला शोधत सगळे स्टेशनाकडे पळाले. ह्यांनी खिळ्यावरची किल्ली काढून मुठीत धरली आणि मोहल्ल्याकडे गेले.

उघड्या दुकानात मी आणि सासूबाई. मी पडद्याआड उभी. हे एकटेच परत आले तर काय, हाच विचार. स्टेशनाकडून एकदम ओरडा उठला. पोरं रस्त्यानं धावत गेली, डबे बडवत. कोण काय ओरडतंय ते मी कान देऊन ऐकलं.

अंधार पडायच्या वेळेला पायऱ्यांवर पावलं वाजली. दोन माणसांची. किल्ली कोणाच्या हातात आहे ते फटीतून दिसेना.

"भाभी," भाऊजींचा आवाज आला, "किती झाले?"

"दोन-एक," मी पडद्यातून मोठ्यानं म्हटलं. "आपण जितलो."

ते म्हणाले, "एक कसा काय खाल्ला?" आणि हे हसले. कालपासून पहिल्यांदा हसले. मी कपावर चमचा वाजवला.

चार-पाच दिवसांनी रेल्वेनं आलेला पेपर हे घेऊन आले. मीही तो एकेक अक्षर लावत वाचला. त्यात होतं की त्या मैदानावर सगळं पब्लिक आपल्या विरुद्ध ओरडत होतं, आणि आपल्यासाठी टाळ्या वाजवायला होते ते पाकिस्तानचे हॉकीवाले.

"हे दाखवतो काटेवाल्याले," हे म्हणाले.

"काऊन?" भाऊजींनी विचारलं. "मले सबूत द्यायचं आहे का?"

त्यांनी तो पेपर घेतला, दोनदा दुमडला, आणि पाण्यातून काढलेली ट्यूब त्या कागदानं पुसायला लागले.