काचेवरचं कापड

पौषातलं धुकं नांदगाव पेठेवर असं बसलं होतं, की कारखान्याची पाण्याची टाकीही दिसेना. तव्यावरची भाकर उलथताना कौशल्याबाईला कातडी करपल्याचा वास आला, तेव्हा तिनं बोट पाहिलं. शेंड्यावर पांढरा फोड. दुखत काहीच नव्हतं. साखरेच्या बिमारीनं बोटांची जाण वर्षभरापूर्वीच नेली होती.

"आत्याबाई, पुन्हा भाजलं ना? सांगून टाका कंपनीत," सून चंदा म्हणाली.

"काय सांगू? हात मेले म्हून? कापडाले हात लावाची तं नौकरी हाय माही."

बारा वर्षं ती कारखान्यात कापड तपासत होती. गाठ कुठं, खळ कुठं जास्त, तळवा फिरवला की कळायचं. हात बधिर झाले तशी ती कापड मुठीत धरून कानाशी चोळू लागली. खळीचं कापड करकरायचं, मऊ सुती नुसतं सुस्कारायचं, गाठ आली की बारीक अडकायचं. माल काही चुकला नाही. नव्या पोरी तर तिचं पाहून आपणही कापड कानाला लावायच्या, बाईची खुबी आहे म्हणून.

त्या दिवशी तपासणीच्या खोलीत अमरावतीहून स्वराली आली होती. वकिलाची मुलगी, इंजिनिअर. तिनं टेबलावर काचेची पाटी ठेवली. पाटी अगदी बारीक थरथरते आणि बोट फिरवलं की खरं कापड लागल्यासारखं वाटतं, असं तिनं समजावलं. परगावच्या गिऱ्हाइकाला नमुना धाडायलाच नको.

"पण खऱ्यासारखं लागतं का, ते तुम्हीच सांगायचं, मावशी."

"आमच्या बाईचा हात म्हणजे शिक्का," सुपरवायझर केशवराव म्हणाले.

कौशल्याबाईनं बोट फिरवलं. काच, नुसती काच. "जाडंभरडं हाय," तिनं ठोकून दिलं.

स्वराली गोंधळली. "मावशी, मी अजून चालूच नाही केलं."

केशवराव हसले. "धुकं डोक्यात गेलं का, बाई?"

पाटी सुरू झाली. कौशल्याबाईनं पुन्हा बोट फिरवलं, मग दुसरं, मग तळवा. काहीच लागेना. आणि सवयीनं, स्वतःच्या नकळत, ती वाकली आणि तिनं काचेला कान लावला.

स्वरालीनं तिचा हात हलकेच उलटा केला.

"हे केव्हा भाजलं?"

"सकाळी."

"दुखत नाही?"

"नाई."

केशवरावांचं हसू गेलं. "केव्हापासून?"

"साल झालं, साहेब."

"मंग माल कसा पास करून राहिल्या तुमी?"

तिनं बाजूचं कापडाचं ठाण ओढलं आणि कानाशी चोळत चोळत निम्म्यावर आणलं. "इथं गाठ हाय. पाहा."

केशवरावांनी पाहिलं. गाठ होती. त्यांनी ती नखानं दोनदा खरवडली आणि कापड खाली ठेवलं.

"हाय खरी. पण गिऱ्हाईक इचारीन तं काय सांगू, आमची बाई कापड आयकते म्हून? उद्यापासून घड्या घालाच्या कामावर बसा."

"सर, माझ्यामुळे..." स्वराली म्हणाली.

"तुहा काय दोष, पोरी. आज ना उद्या दिसलंच असतं," कौशल्याबाई म्हणाली.

दामिनीला बोलावलं. तीन महिन्यांपूर्वी कामाला लागलेली पोरगी. तिनं काचेवर बोट टेकवलं आणि झटक्यात मागं घेतलं.

"अवो मावशी, खरंच खरखरून राहिलं. गोणपाटावानी."

कौशल्याबाई तिच्या बोटाकडं पाहत राहिली. "मऊ कापड कसं लागते, तेबी पाहून घे," ती म्हणाली. "हळू फिरव. घाई नोको करू."

मग ती उठली. उद्या म्हटलं होतं, पण या टेबलावर तिचं आता काही काम उरलं नव्हतं. पलीकडं घडीच्या बाकावर तपासलेली ठाणं पडली होती. तिनं वरचं ओढलं, काठाला काठ डोळ्यांनी जुळवला आणि पहिली घडी घातली.