न हलणारा सूर
जुना ॲम्प्लिफायर चालू केला की आतली धूळ तापल्याचा एक वास येतो. काल तो आला आणि भवानी पेठेतली ती दुपार आठवली. लग्नाच्या बँडमध्ये सिंथेसायझर वाजवणारे एक काका तिथं राहायचे. त्यांचा सिंथ जुना, तापल्याशिवाय सुरात न येणारा. म्हणून बटण दाबून ते आधी चहाला जायचे. तापल्यावरही दाबून धरलेला सूर किंचित हलायचा. त्याचे सुटे भाग मिळेनात, म्हणून मी सिंथचा एकेक सूर रेकॉर्ड करून त्याचा आवाज लॅपटॉपमध्ये उतरवायला घेतला. प्रोग्रॅमनं सूर हलता ठेवला की लॅपटॉप अडखळायचा, मग मी तो स्थिरच करून टाकला. त्या दुपारी शेजारी यंत्रमागांचा खडखडाट चालू होता. काकांनी लॅपटॉप चालू केला आणि सवयीनं चहाला उठले. "काका, याला तापायला लागत नाही," मी जरा ऐटीत म्हणालो. ते परत बसले, लॅपटॉपला जोडलेल्या कीबोर्डची एक पट्टी दाबून बराच वेळ कान देऊन राहिले. "सुरात हाय की," म्हणाले, "पण हलंना." जुना सिंथ शेजारी लावून फरक ऐकू या, असं मी म्हणालो. "त्यो भंगारात दिला. तूच म्हनलास न्हवं, सगळं यात घेतलंय म्हनून." आजचा माझा लॅपटॉप तो हलता सूर सहज पेलेल. पण तेव्हा रेकॉर्ड केलेला प्रत्येक सूर मी सेकंदभराचाच घेतला होता, आणि तेवढ्यात तो हलत नाही.