आप्पा विसरले नव्हते

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. एकदा एका माणसाला सांगायला गेले होते, पण ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही — आणि पोचलं नाही याचं मला बरं वाटलं. तेही सांगते. आधी नीट सुरुवात तरी जमते का बघू. तोंडानं बोलायला गेलं की जीभ भलतंच बोलते, म्हणून लिहितेय.

काळेवाडीत आमच्या गल्लीच्या टोकाला पत्र्याची शेड आहे. तिथे आप्पा लाकूड कातायचे. लेथवर लाकडाचा ठोकळा गरगर फिरत असतो, त्याला पटाशी लावून आकार द्यायचा — लाटणी, भोवरे, पाळण्याला बांधायचे खुळखुळे, मोठ्या फुलदाण्या. वरून लाखेचे रंग. आप्पा मूळचे इथलेच. त्यांच्या वडलांची ज्वारी जिथे व्हायची तिथे आता चार-चार मजली बिल्डिंगी आहेत. उभी हयात त्यांनी एका कंपनीत लाकडी नमुने घडवण्यात घातली. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी तो लाकडात करून घ्यावा लागे, ते काम. पुढे ते मशीनवर व्हायला लागलं आणि आप्पाही रिटायर झाले. मग त्यांनी शेडमध्ये दोन लेथ बसवले. छोटा, शिकणाऱ्यांसाठी. आणि मोठा, त्यांचा स्वतःचा.

मी परभणीकडची. नवरा चाकणला शिफ्टमध्ये. मी कुरुळीच्या एका कंपनीत पॅकिंगला जायचे, तिथलं कंत्राट संपलं तशी घरी बसले. आप्पांना लाकडाला पॉलिशपेपर मारायला कुणीतरी हवं होतं. म्हणून गेले. पॉलिशपेपर मारता मारता माझी नजर सारखी त्यांच्या हाताकडे जायची. त्यांनी ते कधी हेरलं कोण जाणे. एक दिवस म्हणाले, "नुसती बघत बसतीस व्हय? बांगड्या काढ, पदर खोच, आन् धर पटाशी."

गल्लीतली माणसं हसायची. बाई लेथवर! आप्पांना कुणी टोकलं तर ते म्हणायचे, "लेथला काय कळतंय बाई हाय का बाप्या?"

मला आयुष्यात कुणी काही शिकवलं असेल तर ते त्यांनी. पटाशी कुठल्या अंगाला टेकवायची, अंग किती सैल सोडायचं. लाकूड नीट कापलं जातंय की नुसतं खरवडलं जातंय हे डोळ्यांआधी कानाला कसं कळतं. चुकले तर ओरडायचे नाहीत — नुसतं मशीन बंद करायचे आणि थांबायचे. ते थांबणं मला ओरडण्याहून जड जायचं. हे मी का सांगतेय? पुढे जे केलं त्याला कारण मिळावं म्हणून? नाही. त्यांनी मला कधी एवढंही भिववलं नव्हतं, की त्यांच्याशी खोटं बोलावं लागावं. ते तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतेय.

आणखी एक सांगायला हवं. आप्पांचे थोरले भाऊ, सगळे त्यांना दादा म्हणायचे, ते म्हातारपणी विसरत गेले. आधी चष्मा, किल्ल्या. मग घराचा रस्ता. एकदा वाकडच्या पुलाखाली अनवाणी बसलेले सापडले. शेवटी शेवटी आप्पांनाच विचारायचे, तुम्ही कोण? आप्पांनी त्यांना न्हाऊ-माखू घातलं, घास भरवले. त्याबद्दल फार बोलायचे नाहीत. एकदाच लाख लावता लावता म्हणाले, "मरान येऊ दे. पन ह्ये आसं न्हाई."

हे मला ठाऊक होतं. त्या दिवशीही ठाऊक होतं.

मोठ्या लेथला, ते नसताना, हात लावायचा नाही — एवढा एकच त्यांचा नियम. त्या लेथवर लाकडाला दुसऱ्या टोकाकडून दाबून धरणारा एक भाग असतो. तो पुढे सरकवायचा, त्याचं टोक लाकडात रुतवायचं आणि मग खालचा लिव्हर ओढून तो जागच्या जागी जखडायचा. लिव्हर ओढला की आडवा बसतो. राहिला तर उभा दिसतो. आप्पा तो ओढायचे आणि वर लाकूड हातानं हलवून बघायचे. दर वेळी. मी त्यांना एकदाही चुकताना पाहिलं नाही.

त्या दुपारी त्यांनी बाभळीचा मोठा ओंडका मोठ्या लेथवर चढवला, जखडला, हलवून पाहिला. मी समोरच होते. मग लाखेच्या कांड्या संपल्या म्हणून स्कूटर काढून पिंपरीत गेले.

मी त्यांचा ओंडका उतरवला.

मला माझी फुलदाणी करून बघायची होती. लाटणी आणि भोवरे करून मी कंटाळले होते. मला वाटायचं, मला येतं, हे मुद्दाम थांबवून ठेवतात. कडुनिंबाचा एक ठोकळा मी आधीच बाजूला काढून ठेवला होता — म्हणजे मनात आधीपासून होतंच, नाही का? तो चढवला, मशीन चालू केलं आणि थोड्याच वेळात पटाशी अशी रुतली की ठोकळ्याची एक बाजू फाटून निघाली. हातातून झिणझिण्या गेल्या. घाबरून मशीन बंद केलं. आप्पांचा ओंडका उचलून परत चढवला, तो भाग पुढे सरकवला, टोक लाकडात रुतवलं. तेवढ्यात गल्लीत स्कूटरचा आवाज आला. मी फाटका ठोकळा कोपऱ्यातल्या लाकडांखाली ढकलला, झाडू उचलला आणि भुसा गोळा करायला लागले.

इथवर तरी तुम्ही म्हणाल, चूक झाली. शिकाऊ बाई, घाईत राहिलं. मीही स्वतःला पुष्कळ दिवस हेच सांगत आले.

पण मी तो लिव्हर पाहिला.

आप्पा आले, कांड्या फळीवर ठेवल्या, पटाशीला धार लावली. मी बोलत सुटले होते. नळाला पाणी आलं नाही, घरमालक असा बोलला, काहीही. एरवी मी शेडमध्ये एवढं बोलत नसे. त्यांनी ओंडक्याकडे बघू नये, त्यांना काही कळू नये, म्हणून बोलत होते. ते हसून मान डोलवत मशीनसमोर उभे राहिले. लाकूड हलवून बघितलं नाही — जाताना बघितलंच होतं ना त्यांनी. आणि माझ्याकडे तोंड करून, माझंच बोलणं ऐकत, त्यांनी बटणाकडे हात नेला. तेव्हा मला दिसलं. लिव्हर उभा होता.

"आप्पा, थांबा." दोन शब्द. तेवढा वेळ होता. खोटं कशाला बोलू, होता. पण मग त्यांनी विचारलं असतं, कोणी हात लावला? मशीन बंद करून ते माझ्यासमोर नुसते थांबले असते. मला ते नको होतं. मला वाटलं, कदाचित काही होणारही नाही.

ओंडका सुटला आणि त्यांच्या तोंडावर बसला.

गालाचं हाड मोडलं, डाव्या बाजूचे दात गेले. रिक्षात त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्यांचा मुलगा विलास वाकडहून दवाखान्यात धावत आला. चांगला माणूस आहे, आयटीत आहे, आप्पा त्याच्याकडेच राहायचे. "काय झालं ताई?" मी म्हटलं, "लाकूड सुटलं." खरंच होतं ते. मी तेवढ्यावरच थांबले.

काही दिवसांनी आप्पांना बोलता यायला लागलं. विलास औषधं आणायला खाली गेला होता. आप्पांनी मला जवळ बोलावलं. अर्धं तोंड पट्टीत, शब्द फुटत नव्हते.

"पोरी, म्या लिव्हर वढला व्हता का गं? मला तर वढल्यागत आठवतंय. तू व्हतीस न्हवं तिथं?"

होते. मी होतेच तिथे. त्यांनी आळ घेतला नव्हता, संशय नव्हता. त्यांना फक्त खरं काय ते हवं होतं, आणि ते माझ्याशिवाय कुणाकडेच नव्हतं. मी म्हणाले —

"राहिला असेल, आप्पा. घाई होती ना तुम्हाला."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग छताकडे बघायला लागले. हळूच म्हणाले, "दादाचंबी आसंच सुरू झालं व्हतं."

तेव्हा तरी बोलायचं ना? त्या क्षणाला? मी उशी नीट केली. पाणी हवं का विचारलं.

चेहरा भरून आला. माणूस भरून आला नाही. डॉक्टरांनी तपासलं, प्रश्न विचारले, चित्रं काढायला लावली आणि सांगितलं, काही नाही, स्मरण उत्तम आहे. आप्पा म्हणाले, "दादालाबी आधी काय न्हाई म्हनलं व्हतं." स्कूटरची किल्ली त्यांनी स्वतःहून विलासच्या हातात दिली. गॅस पेटवायचे बंद झाले. एकटे लिफ्टनं खाली जायचे बंद झाले. मी भेटायला गेले की ऐकायचे, ते सुनेला विचारायचे, "म्या गोळी घेतली न्हवं?" घेतलेली असायची. त्यांना ती घेतलेली आठवतही असायची. पण आपल्याला आठवतं ते खरं असेल, यावरचा त्यांचा विश्वासच गेला होता. जो माणूस केसाएवढा फरक बोटानं ओळखायचा, तो आपण जेवलो की नाही हे दुसऱ्याला विचारून घेत होता. घरचेही मग जपायला लागले. लहान मुलाशी बोलावं तसं बोलायला लागले. त्यांना कसा दोष देऊ? त्यांना वाटलं, आप्पा विसरायला लागलेत. वाटायला कारण मीच दिलं होतं.

शेड त्यांनी मला दिली. दोन्ही लेथ, पटाश्या, सगळं. म्हणाले, "तुझा हात बसलाय. माझ्या हाताचा आता भरोसा न्हाई." आणि मी घेतली. घेतली हो. आज तिथे मी शिकवते. शनिवार-रविवार वाकडची, हिंजवडीची मुलं-मुली येतात, मला मॅडम म्हणतात. बाहेर पाटीवर आप्पांचं नाव आहे.

एक दिवस मात्र राहवेना. गेले. आप्पा गॅलरीत खुर्चीवर बसले होते, खाली गाड्यांची रांग लागली होती. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. ओंडका उतरवला ते, माझा ठोकळा फाटला ते, स्कूटरचा आवाज, झाडू. लिव्हर उभा दिसला तेही सांगितलं. "तुम्ही ओढला होता, आप्पा. तुम्ही विसरला नव्हता."

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तोंड एका बाजूला ओढून हसले — तेव्हापासून त्यांचं हसणं तसंच व्हायचं — आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"माझं मन राखतीस व्हय? आमीबी दादाला आसंच सांगायचो. चष्मा तू न्हाई हरवलास दादा, म्याच उचलला व्हता. त्येला जरा बरं वाटायचं." मग खाली बघत म्हणाले, "लई गुणाची हाईस."

पुन्हा सांगता आलं असतं. तो फाटका ठोकळा मी टाकला नव्हता, शेडमध्येच होता. नेऊन त्यांच्या हातात दिला असता तर रुतलेल्या पटाशीची खूण त्यांनी बोटानं वाचली असती. कुणाचा हात, ते लगेच ओळखलं असतं. विलासला बोलावून त्याच्यासमोर बोलता आलं असतं. मी उठले आणि म्हटलं, "चहा टाकू का, आप्पा?" लिफ्टमधून खाली येताना मला हलकं वाटत होतं. हे लिहायला सगळ्यात जड जातंय — मला हलकं वाटत होतं. माझं सांगून झालं होतं, आणि कुणालाच काही कळलं नव्हतं.

तो ठोकळा मी त्याच आठवड्यात चुलीत घातला.

आप्पा त्या थंडीत गेले. छातीत कफ झाला, खाणं सुटलं होतं, उठायची इच्छाच नव्हती. शेवटपर्यंत त्यांनी प्रत्येकाला नावानं ओळखलं. एकही नाव चुकलं नाही.

तेराव्याला विलासनं मला पुढे बोलावलं. भावकीतली सगळी माणसं बसली होती. त्याचा आवाज भरून आला होता. "या सुनंदाताई. आप्पांना धीर यावा म्हणून यांनी त्या अपघाताचा दोष स्वतःच्या अंगावर घेतला होता. आप्पा येईल त्याला सांगायचे. सख्ख्या मुलीनंही केलं नसतं हो असं." एक म्हातारी बाई पुढे आली आणि तिनं माझ्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, रडतेय.

मग पानं मांडली. विलासनं मला पहिल्या पंगतीत बसवलं आणि स्वतः वाढलं. आग्रह करून दोनदा वाढलं. मी सगळं जेवले.