वर्तुळाला जाडी नसते

अख्ख्या बेंगळुरात एकही खरा चौकोन नाही, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी एकच पाहिला, आणि ते नेमके माझ्या बायकोचे थोरले काका निघाले. त्यांना सगळे अण्णा म्हणत. मूळचे बेळगावकडचे, पण एका सरकारी कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढण्यात जन्म घालवून मल्लेश्वरमात निवृत्त झालेले. त्यांच्या लेखी पोळी गोल नव्हती आणि दार आयताकृती नव्हतं. काकू रोज सकाळी दारात रांगोळी काढत, तेव्हा हे गृहस्थ कॉफीचा पेला घेऊन बाहेर येत आणि "डावीकडं स्वल्प ढळलंय की" एवढंच म्हणून आत जात. एके दिवशी काकूंनी रांगोळीचा डबाच त्यांच्या हातात दिला. अण्णांनी दोरी, खिळा, काटकोन तपासायचा गुण्या आणला आणि दुपारी बारापर्यंत इतकी काटेकोर रांगोळी काढली, की ती मोडू नये म्हणून पोस्टमनला पत्र फाटकावरूनच फेकावं लागलं.

अशा माणसाकडे आम्ही आमची साडेतीन वर्षांची मुलगी आकार शिकायला पाठवली. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. एलकेजीच्या प्रवेशासाठी मुलांच्या मुलाखती घेत, आणि पोराला त्रिकोण ओळखता आला नाही तर आईबापांच्या पदव्या वाया गेल्या असं समजत. बायको तर नवस बोलून बसली होती. अण्णा म्हणाले, "काळजी सोडा, जावईबापू. पाया पक्का करून देतो."

पाया महिनाभर चालला. पहिले आठ दिवस नुसता बिंदू. मग रेघ. मग एकदाचं वर्तुळ आलं, तेही 'पुट्टी'ला, म्हणजे आमच्या छोटीला, ताकीद देऊन: "पुट्टी, वर्तुळ कागदावर असतंय. त्याला जाडी नसते. बशी म्हणजे बशी, बांगडी म्हणजे बांगडी. कळलं?"

"सरी, अज्जा," तिनं मान डोलावली.

मुलाखतीत बाईंनी लाल चकती उचलून विचारलं, "व्हॉट शेप इज धिस?"

आमची कन्या म्हणाली, "नो शेप. प्लास्टिक."

मग बाईंनी त्रिकोण काढायला सांगितला, तर तिनं पट्टी मागितली. प्रवेश हुकला.

बायको रडली. मी तावातावानं अण्णांकडे गेलो आणि नको ते बोललो. "तुमच्या हट्टापायी पोरीचं वर्ष जाणार!" एरवी शब्द खाली पडू न देणारे अण्णा उठले आणि टेबलावरचा गुण्या खणात ठेवून आले.

दुसऱ्या शाळेची मुलाखत आठवड्यावर होती. दोन दिवसांनी अण्णा स्वतःच घरी आले, बाजारातून प्लास्टिकच्या चकत्या घेऊन. मुलीला मांडीवर बसवून त्यांनी विचारलं, "पुट्टी, हे काय?"

"प्लास्टिक."

"नाही. हे वर्तुळ."

तिनं चकती बोटांनी चाचपून पाहिली. "पण अज्जा, याला जाडी आहे की!"

अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "असू दे. शाळेत चालतंय."

त्या शाळेत तिला प्रवेश मिळाला. आम्ही पेढे घेऊन गेलो, तर ती अण्णांचं बोट धरून त्यांना घरभर फिरवू लागली. घड्याळ वर्तुळ. तवा वर्तुळ. ताटातला पापडही वर्तुळ, आणि त्याची तर एक कड मोडलेली होती. अण्णा प्रत्येक वेळी "होय की" म्हणत होते. खरं तर मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. त्याच वेळी त्यांची माफी मागायला हवी होती. मी नुसताच पेढ्यांचा पुडा पुढे केला.